रद्दीत चाललेल्या कागदांतून मराठ्यांचा इतिहास उभा करणारे इतिहासाचार्य राजवाडे कोण होते?

पुण्याहून लवासाला जाणारे बहुतेक जण टेमघरचा घाट चढतात, धुकं बघतात, दासव्याच्या तळ्याकाठी फोटो काढतात आणि परत येतात. ज्या पाण्याच्या काठाने ते फिरतात, तो वरसगाव धरणाचा जलाशय. त्या धरणाला वीर बाजी पासलकर यांचं नाव आहे. मोसे नदीचं हे खोरं म्हणजे जुनं मोसे खोरं आणि बाजी पासलकर हे तिथले देशमुख. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळातल्या साथीदारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

आता प्रश्न असा की, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डोंगरी खोऱ्यात कोण देशमुख होता, त्याची मुलगी कोणाला दिली होती, कोणाचं कोणाशी वतनावरून भांडण होतं, हे आपल्याला कळलं कुठून? इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासात मावळातल्या घराण्यांचा असा तपशील फारसा नाही. तो आला देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरांत पडून राहिलेल्या कागदांतून. करीनं, महजर, निवाडे, सनदा, शकावल्या आणि पत्रं असे ते कागद. त्यातले कित्येक वाळवीने खाल्लेले होते, कित्येक पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले होते आणि बरेचसे रद्दीत गेलेले होते.

हे कागद म्हणजेच इतिहास आहे, असं मानून गावोगाव फिरणारा आणि त्यासाठी अख्खं आयुष्य खर्ची घालणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

परीक्षेपेक्षा ग्रंथालय जवळचं

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. घराणं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचं. वडील लहानपणीच गेले. पुढचं शिक्षण पुण्यात आणि काही काळ मुंबईत झालं. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हेही मोठे विद्वान होते. यास्काच्या निरुक्तावरचं त्यांचं काम आजही अभ्यासलं जातं. दोघांच्या नावांची आद्याक्षरं मराठीत वेगळी असली तरी इंग्रजीत सारखीच पडतात, त्यामुळे दोघांची गल्लत होते.

धाकटे विश्वनाथ डेक्कन कॉलेजात होते, पण नेमलेल्या पुस्तकांत त्यांचं मन रमत नव्हतं. ग्रंथालयात बसून इतिहास, भाषाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, तत्त्वज्ञान असं हाताला येईल ते ते वाचत. त्यामुळे बी. ए. व्हायला त्यांना बरीच वर्षं लागली. त्या वेळच्या शाळा-कॉलेजांबद्दल त्यांनी नंतर एक लांबलचक लेख लिहिला आणि त्यात आपल्या शिक्षणाची कठोर चिकित्सा केली.

शिकून झाल्यावर काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं. लवकरच नोकरी सोडली आणि ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. जगातले मोठे ग्रंथ मराठीत यावेत हा त्यामागचा हेतू होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा मराठी अनुवाद त्यांनी याच काळात केला. मासिक फार दिवस चाललं नाही. पत्नी लवकर वारल्या आणि राजवाड्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढे त्यांनी कायमची नोकरीही धरली नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा त्यांचा नेम होता. संशोधन मराठीत असेल तर ज्याला गरज आहे तो मराठी शिकेल, अशी त्यांची भूमिका होती.

कागद होते कुठे?

मराठ्यांचा इतिहास म्हणून त्या वेळी ज्याच्याकडे बोट दाखवलं जाई, तो होता ग्रँट डफचा ग्रंथ. १८२६ मध्ये छापलेला. डफने कष्ट घेतले होते, पण तो साताऱ्याला नेमलेला इंग्रज अधिकारी होता आणि त्याची नजर राज्यकर्त्याची होती. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या ग्रंथावर टीका लिहिली आणि मराठी माणसांनी आपला इतिहास स्वतः तपासायला सुरुवात केली.

पण तपासायचं कशावरून? पेशव्यांचं मोठं दफ्तर पुण्यातच होतं, मात्र ते सरकारच्या ताब्यात होतं. एतद्देशीय संशोधकांना तिथे सहजासहजी शिरकाव नव्हता. त्या दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली छापून बाहेर आले ते थेट १९३०च्या दशकात.

म्हणून राजवाड्यांनी दुसरी वाट धरली. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठपती आणि सावकार यांच्या घरी कागद असणारच, असं त्यांचं गणित होतं. ते बरोबर निघालं. मात्र त्या कागदांची अवस्था वाईट होती. राज्य गेलं, वतनांची चौकशी झाली, मोडी वाचणारी पिढी कमी होत गेली. मग माळ्यावरचं दफ्तर घरच्यांना अडगळ वाटू लागलं. कोणी ते वाण्याला पुड्या बांधायला दिलं, कुठे उंदीर-घुशींनी घर केलं, तर कुठे बंबात जळण म्हणून गेलं. उलट काही घरांत कागदांना इतकं जपलं जाई की परक्याला हातही लावू देत नसत. आपल्या वतनाचा पुरावा कोणी पळवेल, ही भीती त्यामागे होती.

राजवाडे अशा घरी जात, मालकाची मनधरणी करत, मिळतील ते कागद तिथेच बसून उतरवून घेत. स्वयंपाक स्वतःच्या हाताने करायचा, मैलोन्‌मैल पायी जायचं आणि मुक्काम मिळेल तिथे टाकायचा. हा क्रम वर्षानुवर्षं चालला.

पानिपतची पत्रं

या भटकंतीचं पहिलं मोठं फळ वाईला मिळालं. तिथल्या एका जुन्या दफ्तरात त्यांना अठराव्या शतकाच्या मध्यातली पत्रं सापडली. ती छापून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातली सुमारे ३०० पत्रं त्यात होती.

तोवर पानिपत म्हटलं की लोकांसमोर बखरी आणि पोवाडे होते. या पत्रांत मात्र मोहीम चालू असतानाची रोजची विवंचना होती. पैसा येत नाही, रसद तुटते आहे, अमक्याने खंडणी वसूल करून पाठवावी, तमक्याने शत्रूच्या मुलखात जाऊन त्याची रसद अडवावी. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांकडे लावलेला तगादा त्यात दिसतो. पानिपत ही एका दिवसाची लढाई नव्हती, तर कित्येक महिने आधीपासून दाणा, वैरण आणि पैसा यांची कोंडी होत गेली होती, हे या कागदांनी दाखवलं.

खंडाला राजवाड्यांनी मोठी प्रस्तावना जोडली आणि पराभवाचा दोष बराचसा गोविंदपंत आणि मल्हारराव होळकर यांच्यावर टाकला. हा निष्कर्ष पुढच्या सगळ्या इतिहासकारांना पटला नाही. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी १९४६ मध्ये पानिपतवर स्वतंत्र ग्रंथ लिहून वेगळी मांडणी केली. पण वाद घालण्यासाठी हातात अस्सल पत्रं असणं, ही गोष्टच नवी होती. या मालेचे एकूण २२ खंड निघाले. काही कोल्हापूरच्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून, काही इतर ठिकाणांहून. पुढच्या काही खंडांत शिवकाळातले आणि त्याच्याही आधीचे कागद आहेत. मावळातल्या देशमुखांचा इतिहास लिहिणाऱ्याला या खंडांपासूनच सुरुवात करावी लागते.

फाटका कागद वाचायचा कसा?

जुना कागद हाती लागला की इतिहास सापडला, असं होत नाही. पहिली अडचण लिपीची. पत्रं मोडीत, बोरूने, हात न उचलता लिहिलेली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्द सलग लिहिलेले असतात. त्यात कागदाचा काठ गेला असेल तर प्रत्येक ओळीतली एक-दोन अक्षरं गेलेली असतात. अशा वेळी त्या काळातल्या पत्रांचे मायने, नेहमीचे शब्द आणि माणसांची नावं तोंडपाठ असतील तरच गाळलेली जागा भरता येते.

दुसरी अडचण तारखेची. पेशवाईतल्या पत्रांवर बहुधा ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे चंद्रतिथीचा आकडा आणि मुसलमानी महिन्याचं नाव असतं. साल असलंच तर अरबी शब्दांत. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन ११६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे १७६०-६१ साल, पानिपतचं. हे साल मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून मिळवायचा आकडा महिन्याप्रमाणे बदलतो.

पण असंख्य खासगी पत्रांवर साल नसतंच. मग मजकुरात आलेल्या लढाया, मृत्यू, मुक्कामाची गावं आणि वार यांचा मेळ घालून साल ठरवावं लागतं. एका पत्राचं साल चुकलं तर घटनांचा क्रम उलटतो आणि कारणाला परिणाम समजलं जातं. राजवाड्यांनी अशा शेकडो पत्रांना साल लावलं. त्यातली काही सालं नंतर दुरुस्त झाली, पण पद्धत त्यांनी घालून दिली.

पोथीचं गणित आणखी वेगळं. जुनी पोथी म्हणजे सुट्या पानांची चळत, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. सगळ्यात आधी खराब होतात ती पहिली आणि शेवटची पानं. नेमक्या शेवटच्या पानावरच लेखकूचं नाव, गाव आणि शक लिहिलेला असतो. म्हणजे पोथी फाटते तेव्हा बहुधा तिचा जन्मदाखलाच आधी जातो. मग वय सांगायला उरतं काय? अक्षरांचं वळण, कागद, शाई आणि भाषा. यातल्या भाषेवर राजवाड्यांचा सर्वांत जास्त भर होता.

ज्ञानेश्वरीची पोथी

ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात राहिली. प्रत्येक उतरवणारा आपल्या बोलीप्रमाणे शब्द सोपे करत गेला. शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि तोच महाराष्ट्रभर पसरला. वारकऱ्यांच्या घरातली ज्ञानेश्वरी ही त्या परंपरेतली. मग एकनाथांच्या आधीची ज्ञानेश्वरी कशी होती?

राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा प्रचलित ज्ञानेश्वरीपेक्षा जुनी होती. उदाहरणार्थ, यादवकालीन मराठीत ‘देव’ न म्हणता ‘देवु’, ‘लोक’ न म्हणता ‘लोकु’ अशी उकारान्त रूपं येतात. विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपंही निराळी. अशा खुणांवरून ही पोथी एकनाथपूर्व आहे, असा निष्कर्ष राजवाड्यांनी काढला आणि तिची परंपरा मुकुंदराजाशी जोडली. १९०९ मध्ये त्यांनी या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ज्ञानेश्वरीतल्या मराठी भाषेचं व्याकरणही लिहिलं. मराठीच्या जुन्या रूपाचं इतकं बारकाईने केलेलं व्याकरण त्याआधी नव्हतं.

इथे या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. ती नाहीशी झाली. म्हणजे कागद दाखवा, मगच बोला, असं आयुष्यभर सांगणाऱ्या संशोधकाच्या सर्वांत गाजलेल्या शोधाचा अस्सल पुरावाच आज नाही. उरली आहे ती फक्त त्याची छापील प्रत.

त्यामुळे शंका घेणाऱ्यांना वाव मिळाला. पोथी खरोखर किती जुनी होती? मुकुंदराजाचा संबंध कशावरून? छापताना संपादकाने कुठे हात फिरवला का? कागद आणि शाई तपासता आली असती तर यातल्या काही प्रश्नांचा निकाल लागला असता. तरीही जुन्या भाषेचा पाठ म्हणून तिचं मोल इतकं मानलं गेलं की महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये ज्ञानेश्वरीची जी आवृत्ती काढली, ती याच राजवाडे संहितेवर आधारलेली होती.

आणखी तीन कुलुपं

महानुभाव पंथाचे ग्रंथ तेराव्या शतकापासूनचे. मराठीतलं आद्य गद्य चरित्र मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ त्यांचंच. पण पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले होते. या लिप्यांत एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर किंवा खूण लिहिलेली असते. पोथी हातात असूनही बाहेरच्याला एक शब्द लागत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला.

दुसरं उदाहरण जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’चं. नाव वाचून हे राधाकृष्णाचं काव्य वाटतं आणि अर्धंअधिक तसं आहेही. पण पुढच्या भागात बंगळुरातला शहाजीराजांचा दरबार आहे, तिथे जमलेले निरनिराळ्या भाषांचे कवी आहेत. १९२२ मध्ये राजवाड्यांनी हा ग्रंथ छापला आणि लांब प्रस्तावना लिहिली. शहाजीराजे म्हणजे फक्त आदिलशाहीचे सरदार, या समजुतीला त्याने धक्का बसला.

तिसरा ग्रंथ ‘महिकावतीची बखर’, छापला १९२४ मध्ये. केळवे-माहीम, साष्टी आणि वसई या उत्तर कोकणाचा हा वृत्तान्त. ही बखर एका हातची नाही. वेगवेगळ्या शतकांतल्या लेखकांची प्रकरणं एकत्र बांधलेली आहेत, काही गद्य, काही पद्य. राजवाड्यांनी भाषेवरून हे थर वेगळे केले आणि सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकातला ठरवला. ज्या मुंबईचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू करण्याची सवय लागली होती, तिच्या आसपासच्या गावांचा त्याआधीचा इतिहास या बखरीमुळे चर्चेत आला.

मंडळाची स्थापना आणि बदललेली शिवजयंती

एकट्याने किती दफ्तरं वाचायची? ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांची साथ राजवाड्यांना होती. गावोगावचे कागद तिथे जमू लागले, वाचले जाऊ लागले, छापले जाऊ लागले.

त्याचा परिणाम आजही दर वर्षी दिसतो. भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची एक शकावली लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ च्या सुमारास मंडळाच्या संमेलन-वृत्तातून प्रसिद्ध झाली. तोवर बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा धरत. शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे इतर पुरावे जुळत गेले. आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते, त्यामागे देशमुखाच्या घरात जपलेली ही यादी आहे. याच जेधे घराण्याच्या करीन्यातून बाजी पासलकरांनी लहानग्या कान्होजी जेध्यांना मोशात आसरा दिल्याची आणि पुढे त्यांना जावई करून घेतल्याची हकिकत कळते.

मतं टोकाची, वादही तितकेच

राजवाड्यांना नुसतं वंदन करून पुढे जाता येत नाही. त्यांच्या प्रस्तावनांत विलक्षण बुद्धी आहे, तसे ठाम पूर्वग्रहही आहेत. समाजाकडे बघताना चातुर्वर्ण्याची चौकट त्यांनी सोडली नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी केलेल्या लिखाणाने मोठा वाद पेटला आणि १९१८ मध्ये प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्याचा खरपूस समाचार घेतला. गंमत अशी की त्या उत्तरातही जोर होता तो पुराव्यांवर. कागद पुढे करून भांडायची जी रीत राजवाड्यांनी रुजवली, तीच त्यांच्यावर उलटली.

दुसरीकडे विवाहसंस्थेच्या इतिहासावरच्या निबंधांत त्यांनी प्राचीन ग्रंथ जसे आहेत तसे वाचले आणि सनातनी मंडळींना न रुचणारे निष्कर्ष मांडले. स्वभाव तापट होता, तडजोड जमत नव्हती. आयुष्याच्या शेवटच्या काळात आपणच उभ्या केलेल्या मंडळाशी मतभेद झाले आणि ते पुण्याबाहेर पडले.

धुळ्यातला शेवट

अखेरचा मुक्काम धुळ्यात होता. तिथे मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीचं आणि धातूंचं प्रचंड काम चालू होतं. ते हातावेगळं व्हायच्या आतच, ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचं निधन झालं. मागे संपत्ती अशी नव्हतीच. होत्या त्या टिपणांच्या चळती आणि नकलांची बाडं.

आता हेच कागद वाळवीच्या तोंडी जाण्याची भीती होती. धुळ्यातल्या भास्कर वामन भट आणि इतरांनी तसं होऊ दिलं नाही. १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि राजवाड्यांचा धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश पुढे छापले गेले.

त्यांच्या कामातून आजही उपयोगी पडणारी एक साधी गोष्ट आहे. त्यांनी कागदाची नक्कल करून ती छापली म्हणून मजकूर वाचला, आणि ज्ञानेश्वरीची मूळ पोथी राहिली नाही म्हणून शंका राहिली. दोन्ही हवं, मजकूरही आणि मूळ वस्तूही. जुन्या घराच्या माळ्यावर रुमालात बांधलेलं दफ्तर मिळालं, तर पानं ओढून वेगळी करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ऊन, ओल आणि किडे यांपासून ते दूर ठेवावं, आहे त्या क्रमाने फोटो काढून घ्यावेत आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवावं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ या संस्था अशाच कागदांसाठी उभ्या राहिल्या. वाळवीने खाल्लेल्या ज्या पानावर तुम्हाला काहीच वाचता येत नाही, त्याच पानावर एखाद्या खोऱ्याच्या इतिहासातलं हरवलेलं साल असू शकतं.